उडीचे गुण आणि पंचांची सही

उडीतील सफाई, डौल आणि सहजता यांना आकड्यांत बसवता येते काय, या प्रश्नाचे उत्तर फिगर स्केटिंग हा बर्फावरील खेळ गेली दोन दशके शोधत आहे. हाती आलेले उत्तर परिपूर्ण नाही. तथापि मल्लखांब आणि योगासने हे देशी खेळ राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या मंचावर येत असताना ते समजून घेणे अगत्याचे ठरते.

‘खेलो इंडिया’ युवा क्रीडा स्पर्धांचे पाचवे पर्व ३० जानेवारी ते ११ फेब्रुवारी २०२३ या काळात मध्य प्रदेशात पार पडले. जबलपूरच्या वाट्याला त्या वेळी तिरंदाजी, तलवारबाजी, खो-खो आणि रस्त्यावरील सायकल शर्यती हे खेळ आले होते. मल्लखांब आणि योगासने उज्जैनला, तर जिम्नॅस्टिक्स ग्वाल्हेरला झाले. ही विभागणी सोयीसाठी केलेली असली, तरी निकाल ठरवण्याच्या पद्धतींतील फरक तिच्यामुळे नेमका लक्षात येतो.

जबलपूर हे तिरंदाजांचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले आहे. येथील मुस्कान किरार हिने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत महिलांच्या कंपाऊंड सांघिक प्रकारात भारताला रौप्यपदक मिळवून देण्यात वाटा उचलला. या खेळात बाण कोणत्या वर्तुळात रुतला, एवढेच पाहिले जाते. बाण रेषेला टेकला तर वरचा गुण मिळतो. तिरंदाजाची उभे राहण्याची ढब सुंदर होती की ओबडधोबड, याची विचारणा कोणी करत नाही. सायकल शर्यतीत तर अंतिम रेषा कोणी आधी ओलांडली, हाच एक प्रश्न असतो.

तलवारबाजीत थोडे वेगळे घडते. ‘एपे’ प्रकारात तलवारीचे टोक टेकले की विजेचा दिवा लागतो आणि दोघांचे वार एकाच क्षणी बसले तर दोघांनाही गुण मिळतो. ‘फॉइल’ आणि ‘सेबर’ या प्रकारांत मात्र दोन्ही दिवे लागले, तर चढाईचा अग्रहक्क कोणाचा होता हे पंचाला ठरवावे लागते. खो-खोत गडी बाद झाला की नाही आणि ‘खो’ नियमानुसार दिला गेला की नाही, हे पंचाची नजर सांगते. या सर्व निर्णयांत चूक होऊ शकते. परंतु विचारला जाणारा प्रश्न ‘घडले की नाही’ एवढाच असतो.

उज्जैनच्या मल्लखांबावर आणि ग्वाल्हेरच्या जिम्नॅस्टिक्स सभागृहात पंचांपुढे आणखी एक प्रश्न होता. उडी झाली, हे सर्वांना दिसले. ती किती चांगली झाली? येथे वर्तुळ नाही, दिवा नाही आणि अंतिम रेषाही नाही. अशा खेळांत पंचांनी दिलेला गुण हाच निकाल असतो. म्हणूनच तो कसा दिला जातो, याला महत्त्व आहे.

एका पदकाचा वाद

या प्रश्नाची सर्वाधिक किंमत फिगर स्केटिंगने मोजली आहे. फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये जोडी प्रकाराचे सुवर्णपदक रशियाच्या एलेना बेरेझनाया आणि अँटोन सिखारुलिद्झे यांना देण्यात आले. नऊ पंचांपैकी पाचांचा कौल त्यांना आणि चौघांचा कौल कॅनडाच्या जेमी साले व डेव्हिड पेलेतिये यांना होता. रशियन जोडीकडून एका उडीनंतर चूक झाली होती, तर कॅनडाच्या जोडीने आपला कार्यक्रम निर्दोष पार पाडला होता. त्यानंतर फ्रान्सच्या पंच मारी-रेन ल गून यांनी आपल्यावर संघटनेकडून दबाव असल्याचे सांगितले आणि पुढे ते विधान नाकारले. अखेरीस कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक देण्यात आले. ल गून आणि फ्रान्सच्या संघटनेचे अध्यक्ष यांच्यावर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली.

त्या काळी ६.० गुणांची जुनी पद्धत होती. प्रत्येक पंच तांत्रिक बाजूसाठी एक आणि सादरीकरणासाठी एक असे दोन आकडे देत असे. ५.८ आणि ५.९ यांतील फरक नेमका कशाचा, हे त्या आकड्यांतून उलगडत नसे. पंच प्रत्यक्षात स्पर्धकांचा क्रम लावत होते आणि आकडे केवळ त्या क्रमाची खूण होते. कोणत्या उडीला किती मिळाले आणि कोठे कापले गेले, याचा हिशेब मागण्याची सोयच नव्हती.

या प्रकरणानंतर आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाने २००४ मध्ये नवी पद्धत स्वीकारली आणि २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये ती प्रथमच वापरली गेली. तिचे मूळ सूत्र साधे आहे. ‘काय केले’ आणि ‘कसे केले’ हे दोन प्रश्न वेगळे करायचे आणि ते वेगवेगळ्या माणसांना विचारायचे.

काय केले आणि कसे केले

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तांत्रिक मंडळ देते. उडी कोणती होती, हवेत किती वळणे पूर्ण झाली आणि स्केटच्या पात्याच्या योग्य कडेवरून उड्डाण झाले काय, हे या मंडळातील तज्ज्ञ चित्रफीत पुन्हा पाहून ठरवतात. प्रत्येक उडीचे पायाभूत मूल्य आधीच छापलेले असते. २०१८-१९ च्या हंगामात लागू झालेल्या तक्त्यात तिहेरी लुट्झ या उडीला ५.९०, तिहेरी ॲक्सलला ८.००, चौपदरी लुट्झला ११.५०, तर चौपदरी ॲक्सलला १२.५० गुण ठरवण्यात आले. ॲक्सल ही एकच उडी समोर तोंड करून घेतली जाते. त्यामुळे तिच्यात अर्धे वळण अधिक असते आणि तिचे मूल्यही अधिक असते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पंच देतात. मोठ्या स्पर्धांत त्यांची संख्या नऊ असते. उडी कोणती याच्याशी त्यांचा संबंध नसतो. ती किती चांगली झाली एवढेच त्यांनी सांगायचे असते. त्यासाठी उणे ५ ते अधिक ५ अशी अकरा पायऱ्यांची मोजपट्टी २०१८-१९ पासून लागू झाली. त्यापूर्वी ती उणे ३ ते अधिक ३ होती.

अधिक गुणांसाठी सहा निकष लिहून ठेवलेले आहेत. उडीची उंची आणि लांबी अतिशय चांगली असावी. उड्डाण आणि उतरणे चांगले असावे. सारी क्रिया अथपासून इतिपर्यंत सहज वाटावी. उडीपूर्वी पावलांची गुंफण असावी किंवा तिच्यात शिरण्याची पद्धत अनपेक्षित असावी. हवेत शरीराची ठेवण उत्तम असावी. आणि उडी संगीताशी जुळावी. जितके निकष पूर्ण होतील तितक्या पायऱ्या वर. मात्र अधिक ४ किंवा अधिक ५ देण्यासाठी पहिले तीन निकष पूर्ण झालेच पाहिजेत. त्यानंतर चुकांसाठी कपात होते. स्पर्धक पडला तर थेट उणे ५ लागू होतात आणि एकूण गुणांतून आणखी एक गुण वजा होतो.

नऊ पंचांपैकी सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा वगळून उरलेल्या सातांची सरासरी काढली जाते. एक पायरी म्हणजे त्या उडीच्या पायाभूत मूल्याचा दहावा हिस्सा.

उदाहरणार्थ, तिहेरी लुट्झला नऊ पंचांनी ३, ३, २, ३, ४, २, ३, १ आणि ३ अशा पायऱ्या दिल्या असे धरू. त्यांतील ४ आणि १ वगळल्यास उरलेल्या सातांची बेरीज १९ आणि सरासरी २.७१ येते. एका पायरीला ०.५९ या दराने १.६० गुण वाढतात आणि उडीची किंमत ७.५० होते.

अवघड की चांगले

या गणितामुळे कठीण पण सदोष उडी आणि सोपी पण निर्दोष उडी यांची तुलना शक्य होते. चौपदरी लुट्झ घेताना पडलेल्या स्पर्धकाच्या ११.५० गुणांतील निम्मे जातात, ५.७५ उरतात आणि पडण्याचा एक गुण वजा होऊन ४.७५ हाती येतात. याउलट तिहेरी ॲक्सल अधिक ४ दर्जाची झाली तर ११.२० गुण मिळतात. सर्वोत्कृष्ट तिहेरी ॲक्सलचे १२.०० गुण हे साधारण दर्जाच्या चौपदरी लुट्झच्या ११.५० गुणांपेक्षा जास्त भरतात.

२०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युझुरू हान्यू याने चौपदरी ॲक्सलचा प्रयत्न केला. ऑलिंपिकमध्ये ही उडी त्यापूर्वी कोणाच्याही नावावर नोंदली गेली नव्हती. तो पडला आणि वळणही थोडे अपुरे राहिले. वळण पाव ते अर्ध्या फेरीने कमी पडले तर पायाभूत मूल्याचे ८० टक्केच धरले जातात. त्यामुळे १२.५० चे १०.०० झाले, गुणवत्तेसाठी उणे ५ पायऱ्या लागून ५.०० उरले आणि पडण्याचा एक गुण वेगळा वजा झाला. जगातील सर्वांत धाडसी उडीच्या वाट्याला अखेर चारच गुण आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या इलिया मालिनिन याने लेक प्लॅसिड येथे ही उडी प्रथमच यशस्वी केली.

हा हिशेब कठोर आहे, पण तो कागदावर दिसतो. हान्यूच्या चाहत्यांना निकाल रुचला नसला, तरी कोणता गुण कोठे गेला याबद्दल संदिग्धता नव्हती. ६.० च्या काळात हे शक्य झाले नसते.

या पद्धतीत एक दोषही आहे. गुणवत्तेचे गुण पायाभूत मूल्याच्या टक्केवारीत असल्याने चांगल्या उडीचे बक्षीसही कठीण उडीलाच अधिक मिळते. अधिक ५ दर्जाच्या दुहेरी ॲक्सलला १.६५ गुण जास्त मिळतात, तर त्याच दर्जाच्या चौपदरी लुट्झला ५.७५. साहजिकच प्रशिक्षकांचा ओढा लहान वयातच चौपदरी उड्यांकडे वळला. मुलींमध्ये हलक्या शरीराचा लाभ असलेल्या अल्पवयीन स्पर्धक आघाडीवर आल्या. महासंघाने जून २०२२ मध्ये वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ वर्षांपर्यंत वाढवण्याचा निर्णय घेतला, त्यामागे ही पार्श्वभूमी होती. गुणांचा तक्ता केवळ निकाल लावत नाही. सरावाच्या मैदानात मुलांना काय शिकवले जाईल, हेही तोच ठरवतो.

लपवलेली नावे

नव्या पद्धतीचा खरा कमकुवतपणा गणितात नव्हता. २००२ च्या प्रकरणानंतर महासंघाने असा युक्तिवाद केला की, कोणत्या पंचाने किती गुण दिले हे बाहेर कळले नाही तर त्याच्यावर संघटनेचा दबाव आणता येणार नाही. त्यामुळे गुणपत्रकात सर्व आकडे छापले जात. परंतु कोणता रकाना कोणत्या पंचाचा, हे गुप्त ठेवले जाई.

या युक्तिवादाची परीक्षा अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाचे अर्थशास्त्रज्ञ एरिक झिट्झेविट्झ यांनी घेतली. आपल्या देशाच्या स्पर्धकाला झुकते माप देण्याचे प्रमाण नावे लपवल्यानंतर घटले नाही, उलट काहीसे वाढले, असा त्यांचा निष्कर्ष होता. पंचाला संघटनेच्या नजरेपासून वाचवण्यासाठी उभारलेला पडदा त्याला लोकांच्या नजरेपासूनही वाचवत होता.

२०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये हा पडदा सर्वांना जाणवला. महिलांच्या एकेरीत रशियाची अदेलिना सोत्निकोवा २२४.५९ गुणांसह पहिली आली आणि दक्षिण कोरियाची युना किम २१९.११ गुणांसह दुसरी. सोत्निकोवाच्या मुक्त कार्यक्रमात सात तिहेरी उड्या होत्या, किमच्या कार्यक्रमात सहा. त्यामुळे तांत्रिक मूल्याचा विचार करता रशियाच्या बाजूनेही सांगण्यासारखे होते. मात्र पंचांमध्ये रशियन संघटनेच्या एका वरिष्ठ पदाधिकाऱ्याच्या पत्नी होत्या, तसेच १९९८ च्या प्रकरणात पूर्वी निलंबित झालेले एक पंचही होते. त्यांनी किती गुण दिले, हे पाहण्याचा मार्ग कोणालाच नव्हता. त्यांनी प्रामाणिकपणे काम केले असल्यास तेही सिद्ध करता येत नव्हते. कोरियाच्या संघटनेची तक्रार फेटाळण्यात आली आणि संशय मात्र कायम राहिला.

जून २०१६ मध्ये महासंघाने गुप्तता रद्द केली. परिणाम लवकरच दिसला. २०१८ च्या प्याँगचँग ऑलिंपिकनंतर चीनच्या चेन वेईग्वांग आणि ह्वांग फेंग या दोन पंचांना आपल्या देशाच्या स्पर्धकांना पक्षपाती गुण दिल्याबद्दल अनुक्रमे दोन वर्षे आणि एक वर्ष निलंबित करण्यात आले. त्यांचे आकडे इतर पंचांच्या आकड्यांशेजारी त्यांच्या नावासह मांडता आले, म्हणूनच ही कारवाई होऊ शकली.

सर्वच पक्षपात हेतुपुरस्सर नसतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. स्पर्धकाचे नाव आधीपासून परिचित असल्यास पंच नकळत त्याला अधिक गुण देतात, असे कॅनडातील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले होते. अशा नकळत झुकावाला शिक्षा करून भागत नाही. तो पंचाला स्वतःलाच दिसावा लागतो आणि त्यासाठी त्याचे आकडे त्याच्या नावासह जमा होणे आवश्यक असते. वरचा आणि खालचा आकडा वगळण्याची युक्ती येथे अपुरी पडते. सरासरीत धरल्या गेलेल्या पंचाने तिहेरी लुट्झला एक पायरी जास्त दिली तर ०.०८ गुणांचा फरक पडतो. चौपदरी लुट्झला तो ०.१६ असतो. सात उड्यांच्या कार्यक्रमात हा फरक अर्ध्या गुणापासून एका गुणापर्यंत जाऊ शकतो.

दीपाची उडी

भारतीय प्रेक्षकांनी हे गणित एकदा जवळून पाहिले आहे. १४ ऑगस्ट २०१६ रोजी रिओ ऑलिंपिकच्या व्हॉल्ट अंतिम फेरीत आगरतळ्याची दीपा कर्माकर १५.०६६ गुणांसह चौथी आली. कांस्यपदक विजेत्या स्वित्झर्लंडच्या ज्युलिया श्टाईनग्रुबरचे गुण १५.२१६ होते. दोघींत अंतर होते ०.१५०.

दीपाच्या प्रोदुनोव्हा उडीचे काठिण्यमूल्य ७.० होते. अंमलबजावणीसाठी तिला १० पैकी ८.२६६ मिळाले आणि उडीचे १५.२६६ गुण झाले. पहिल्या उडीचे १४.८६६ धरून सरासरी काढण्यात आली. जिम्नॅस्टिक्सनेही ‘काय’ आणि ‘कसे’ वेगळे केले आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाच्या यांग ते-यंगच्या कसरतीचे प्रारंभमूल्य १० ऐवजी ९.९ धरण्याची चूक झाली. त्या वादानंतर २००६ मध्ये दहापैकी दहाची जुनी पद्धत मोडीत निघाली.

दोन्ही खेळांत एक फरक आहे. जिम्नॅस्टिक्समध्ये अंमलबजावणीचे पंच दहापासून सुरुवात करतात आणि चुका कापत जातात. गुडघा वाकला, पाय फाकले, उतरताना पाऊल पुढे पडले, की कपात होते. स्केटिंगचा पंच चुका तर कापतोच, शिवाय चांगल्याची नोंद करून वरही चढवतो. पहिल्या पद्धतीत वादाला जागा कमी असते, कारण चूक दाखवता येते; पण निर्दोष आणि अप्रतिम यांत ती भेद करू शकत नाही. दुसरी पद्धत तो भेद करते आणि त्याबरोबर पंचाच्या आवडीनिवडीला दारही उघडते.

रिओनंतर २०१७ च्या नव्या नियमावलीत प्रोदुनोव्हाचे काठिण्यमूल्य ७.० वरून ६.४ करण्यात आले. या उडीत मानेला आणि पाठीच्या कण्याला गंभीर दुखापतीचा धोका असतो. तक्त्यातील एक आकडा बदलल्याने धोका पत्करण्याचे आकर्षणही कमी झाले.

मल्लखांबाच्या दारी

मल्लखांबाच्या दृष्टीने ही सर्व चर्चा दूरची राहिलेली नाही. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभट्टदादा देवधर यांनी पुनरुज्जीवित केलेला हा व्यायामप्रकार मराठी आखाड्यांबरोबर मध्य भारतात रुजला. मध्य प्रदेश सरकारने २०१३ मध्ये त्याला राज्याच्या खेळाचा दर्जा दिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली. २०२२ च्या गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत मल्लखांब आणि योगासने यांचा प्रथमच समावेश झाला. मल्लखांबातील कामगिरीबद्दल उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार, मुंबईच्या हिमानी परब हिला अर्जुन पुरस्कार आणि मुंबईचे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. योगासनांना २०२६ च्या आशियाई स्पर्धांत प्रदर्शनीय खेळ म्हणून स्थान देण्याचा निर्णय आशियाई ऑलिंपिक परिषदेने २०२४ मध्ये घेतला.

सन्मानाबरोबर व्यवहारही आला आहे. केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाने सप्टेंबर २०२० मध्ये खेळाडूंच्या कोट्यातील गट ‘क’ नोकरभरतीसाठी मान्य खेळांची संख्या ४३ वरून ६३ केली. त्या वाढीव यादीत मल्लखांब आहे. याचा अर्थ असा की, राज्याच्या संघात निवड होणे आणि राष्ट्रीय स्पर्धेत क्रमांक मिळवणे यांवर एखाद्या युवकाची सरकारी नोकरी अवलंबून राहू शकते. दशांश गुणाचा फरक तेथे एका कुटुंबाच्या उदरनिर्वाहाचा प्रश्न बनतो. निमशहरी आखाड्यांतून येणाऱ्या मुलांना अपिलाचा खर्च किंवा चित्रफीत तपासणीची साधने परवडत नाहीत. त्यांच्यासाठी गुणपत्रक हाच एकमेव पुरावा असतो.

मल्लखांबातील अढी, तिढी, दसरंग, फिरकी, सुईदोरा, फरारा, आसने आणि अखेरची उडी यांचे सौंदर्य जाणकाराला एका दृष्टिक्षेपात कळते. अडचण अशी की, ते जाणकाराला का कळले हे पराभूत मुलाच्या पालकांना सांगता आले पाहिजे. ‘पकड सैल होती’, ‘संतुलन दोन सेकंदही टिकले नाही’, ‘उतरताना पाऊल घसरले’ अशी नोंद गुणासोबत असेल तर मुलगा ती घेऊन आखाड्यात परततो आणि सराव करतो. केवळ एक आकडा मिळाला तर तो संशय घेऊन परततो.

स्केटिंगच्या अनुभवातून तीन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. काय केले हे ठरवणारे आणि कसे केले हे ठरवणारे पंच वेगळे असावेत. कौशल्यांची मूल्ये ठरवताना ती किती नेत्रदीपक आहेत याबरोबरच वाढत्या वयाच्या शरीरावर त्यांचा काय परिणाम होईल, याचाही विचार व्हावा. कारण तक्त्यात ज्याचे मोल अधिक, तेच आठ-दहा वर्षांच्या मुलाकडून करवून घेतले जाते. आणि प्रत्येक पंचाचे प्रत्येक कौशल्याचे गुण त्याच्या नावासह सर्वांना पाहता यावेत. पहिल्या दोन गोष्टींसाठी प्रशिक्षित मनुष्यबळ आणि खर्च लागेल. तिसरीसाठी एक कागद आणि तो भिंतीवर लावण्याची तयारी पुरेशी आहे.

यंत्राची मर्यादा

पंचांऐवजी यंत्रच नेमावे, असा पर्याय अलीकडे सुचवला जातो. जिम्नॅस्टिक्समध्ये जपानच्या फुजित्सु कंपनीने तयार केलेली पंच-साहाय्य यंत्रणा २०१९ च्या जागतिक स्पर्धेत काही साधनांवर आणि २०२३ च्या अँटवर्प येथील जागतिक स्पर्धेत सर्व साधनांवर वापरण्यात आली. शरीराचे कोन आणि कसरतीची ओळख यांत ती पंचांना साह्य करते. वळण पूर्ण झाले काय, पाय किती अंशांत फाकले, हे प्रश्न यंत्राला विचारण्यासारखे आहेत.

उडी सहज वाटली काय, ती संगीताशी जुळली काय, हे प्रश्न वेगळे आहेत. त्यांची उत्तरे यंत्राला शिकवायची तर ती आधी माणसांच्या जुन्या गुणांवरूनच शिकवावी लागतील आणि त्या गुणांतील झुकाव त्याबरोबर यंत्रात उतरेल. फरक एवढाच पडेल की, माणसाला जाब विचारता येतो, यंत्राला विचारता येत नाही. ‘काय केले’ हा भाग यंत्राकडे अधिकाधिक जाईल, असे दिसते. ‘कसे केले’ हा भाग माणसाकडे राहील आणि त्याची जबाबदारीही.

जबलपूरचा जुना धडा

निर्णय देणाऱ्याने आपले नाव आणि आपली कारणे यांच्यासह उभे राहावे, या तत्त्वासाठी जबलपूरला खेळाच्या मैदानाबाहेरही शोधता येते. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ या शहरात आहे. आणीबाणीच्या काळात स्थानबद्धांच्या याचिकांवरून उद्भवलेला खटला सर्वोच्च न्यायालयात ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर’ या नावाने गेला. २८ एप्रिल १९७६ रोजी पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी सरकारच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी एकट्याने विरोधी मत नोंदवले.

ते निकालपत्र निनावी असते, तर चार विरुद्ध एक एवढाच आकडा उरला असता. प्रत्येकाचे मत सहीसह आणि कारणांसह उपलब्ध होते, म्हणूनच पुढील पिढ्यांना ते तपासता आले. बहुमताच्या बाजूने असलेल्या न्यायमूर्तींमध्ये यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये गोपनीयतेच्या अधिकारासंबंधीच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय चुकीचा ठरवला. त्या वेळी ते लिहिणाऱ्यांत त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते.

खेळातील एका उडीचे गुण आणि नागरिकाचे स्वातंत्र्य यांची बरोबरी होऊ शकत नाही. परंतु निर्णयाची विश्वासार्हता कशावर उभी राहते, याचे उत्तर दोन्हीकडे एकच आहे. निर्णय देणारा कधीच चुकत नाही यावर नव्हे, तर त्याची चूक शोधता येते यावर ती उभी राहते.

फिगर स्केटिंगला सॉल्ट लेक सिटीच्या वादापासून पंचांची नावे उघड करेपर्यंत १४ वर्षे लागली. त्या काळात अनेक स्पर्धकांच्या कारकिर्दी संशयाच्या छायेत संपल्या. मल्लखांब आणि योगासनांच्या संघटनांना तेवढा काळ घालवण्याचे कारण नाही. देशी खेळांची आंतरराष्ट्रीय वाटचाल आता कोठे सुरू झाली आहे. पंचांच्या सहीचे गुणपत्रक पहिल्या जिल्हा स्पर्धेपासून भिंतीवर लागले, तर पुढे ऑलिंपिकच्या दारात उभे राहताना या खेळांना आपल्या निकालांचे समर्थन नव्याने शोधावे लागणार नाही.